बहिणीसोबत कादंबरी लिहायची तर मे महिना असा आखा

दोन बहिणी मिळून कादंबरी लिहितात म्हटलं की लोक आधी विचारतात, "मग भांडणं होत असतील ना?" होतात की. पण भांडणांनी कादंबरी अडत नाही. ती अडते न बोलता कळण्याने. सख्ख्या बहिणींचं लहानपण एक, वाडा एक, आजीने खाल्लेली डोकी तीच. एकीने नुसतं "मागच्या दाराने" असं लिहिलं की दुसरीला आड, तुळस, फुटकी पायरी सगळं दिसतं आणि ती पुढचं वाक्य लिहायला घेते. वाचकाला मात्र अजून दारही दिसलेलं नसतं. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या एका दुखण्यावरचं औषध आहे. उरलेलं आहे ते पाहुणे, पापड आणि पोरं यांच्यातून लिहिण्याचे तास कसे ओढून काढायचे याबद्दल.

मे महिनाच का, तर आमचं सांगते. मी नाशिकमध्ये द्राक्षं बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात कागदपत्रं बघते. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कंटेनर, सर्टिफिकेटं आणि न्हावाशेव्याचे फोन यांखेरीज डोक्यात काही शिरत नाही. बागांची खरड छाटणी सुरू झाली की शेतकऱ्याला उसंत नसते, पण आमचं ऑफिस सुस्तावतं. ताई कल्याणला शाळेत शिकवते. निकाल लागले की जूनच्या मध्यापर्यंत तिची शाळा बंद. शिवाय आई बागलाणातली, त्यामुळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे, यावर आमच्या घरात चर्चा होत नाही. तुमचं वेळापत्रक निराळं असेल. पण चारेक आठवडे दोघी एका छपराखाली असणं मात्र हवंच. वर्षभर फोनवर कथानक वाढवता येतं, पात्रांची लग्नं जुळवता येतात आणि मोडताही येतात. पहिला खर्डा मात्र फोनवर पुरा होत नाही, कारण फोनवर माणूस पटकन "हो, कळलं" म्हणून मोकळा होतो.

मे उजाडण्याआधी

काळ आणि जागा मार्चअखेर पक्की करा. कथानक नंतर बदललं तरी निभावतं, काळ बदलला की सगळंच उसवतं. पात्रांची नावं लिहून काढा आणि मोठ्याने म्हणून पाहा. सुमन, सुषमा, सुनंदा अशा तिघी एकाच घरात नांदवू नका. तुम्हाला त्या वेगळ्या दिसतात, वाचणाऱ्याची पाचव्या पानावर गफलत होते.

मग घरच्या गोष्टींबद्दलचा नियम. बहिणी लिहायला बसल्या की घरातलं खरं काहीतरी कादंबरीत येणारच. कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाचं कर्ज, एखादा काका ज्याचं नाव घरात घेत नाहीत. आमचा नियम असा, की खऱ्या गोष्टीला दोघींपैकी एकीनेही "नको" म्हटलं तर विषय तिथेच संपला. कारण विचारायचं नाही, आठवड्याने पुन्हा काढायचा नाही. रचलेल्या गोष्टीला मात्र नुसतं "नको" चालणार नाही. नको म्हणणारीने त्याच दिवशी दुसरं काहीतरी सुचवायचं. या दोन्हींची गल्लत झाली की लिखाण बाजूला राहतं आणि तीस वर्षांपूर्वीची खेळण्यातली भातुकली कुणी फोडली इथवर गाडी जाते.

घरात लहान मुलं असतील तर त्यांची सोयही एप्रिलमध्येच बघावी. पोहण्याचे सकाळचे क्लास लवकर भरतात.

वाटणी

एक प्रकरण तुझं, एक माझं, ही सगळ्यांना आधी सुचणारी पद्धत. ऐकायला न्याय्य वाटते, पण मला ती पटत नाही. प्रकरणाच्या शेवटी नायिकेला अडचणीत टाकून द्यायचं आणि तिला बाहेर काढण्याचं काम बहिणीवर सोडून चहा ठेवायला जायचं, हा मोह आवरत नाही. त्यापेक्षा माणसं वाटून घ्या. कादंबरीत दोघांच्या नजरेतून गोष्ट दिसत असेल तर एक नजर एकीची, दुसरी दुसरीची. एका माणसाचा राग, त्याची बोलण्याची ढब, त्याला आवडणारी भाजी, सगळं एकाच डोक्यात राहतं आणि आवाज फाटत नाही.

वाटताना एक उलटी चाल करून पाहा. जिच्या स्वभावाला जे पात्र जवळचं, ते तिला देऊ नका. आमच्या ताईला कडक, शिस्तीच्या बाया लिहायला आवडतात, कारण ती स्वतः तशी आहे. तशी बाई माझ्याकडे आली की मला तिच्याबद्दल प्रश्न पडतात, आणि ते प्रश्न पानावर उतरतात. ताईला प्रश्नच पडत नाहीत, तिला सगळं आधीच पटलेलं असतं!

वही

ही पायरी गाळू नका. एक जाड, लांब वही घ्या, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली. कॉम्प्युटरवरची फाइल नको; वही स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उघडी पडून राहते, येताजाता कुणीही त्यात लिहू शकतं. प्रत्येक जागेला एक पान, प्रत्येक माणसाला एक पान, आणि मागच्या बाजूने तारखा आणि तास.

जागेच्या पानावर अशा माणसासाठी लिहायचं, जो नाशिकला कधी आलेला नाही. दोघींना ठाऊक असलेलं आणि म्हणूनच दोघींच्या लिहिण्यातून गळणारं सगळं त्या पानावर आलं पाहिजे. उदाहरण देते. आमच्या सध्याच्या कादंबरीत १९६९ चा गोदावरीचा महापूर आहे. नाशिककर पूर फुटांत मोजत नाही, दुतोंड्या मारुतीवर मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, मारुती बुडाला. "मारुतीच्या छातीला पाणी" असं लिहिलं की आमच्या दोघींच्या पोटात गोळा येतो. साताऱ्याच्या वाचकाला वाटेल, देवळात पाणी शिरलं असावं. म्हणून वहीत आधी हे पाहिजे, की रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच ही उंच मूर्ती उघड्यावर उभी आहे, तिला दोन बाजूंना दोन तोंडं आहेत, आणि पावसाळ्यात पुलावर उभे राहून लोक तिच्याकडे बघत असतात. हे कादंबरीत एकदाच आणि वेळेवर यायला हवं. पूर येण्याआधी, कोरड्या दिवशी, एखादं पोर त्या मूर्तीपाशी खेळताना. पूर आल्यावर समजावत बसलात तर उशीर झाला.

तासांचं पानही तितकंच महत्त्वाचं. दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकाच संध्याकाळची प्रकरणं लिहिणार असाल तर पाणी कुठल्या तासाला कुठवर आलं हे आधीच ठरलेलं पाहिजे. एकीकडे पाणी मारुतीच्या कमरेला आणि दुसरीकडे त्याच वेळी काठावरच्या नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला टेकलेलं, असं होऊन चालत नाही. घंटा बरीच वर आहे. दिवे कधी गेले, कुणाकडे कंदील होता, कोण कुठल्या काठावर अडकलं, हेसुद्धा. पंचवटीतून अलीकडे येणारा माणूस पूल बंद झाल्यावर तिकडेच राहणार. कथानकाला तो कितीही हवा असला तरी नदीला त्याचं सोयरसुतक नाही.

संदर्भ लागतातच. आम्ही सार्वजनिक वाचनालयात जातो. १८४० सालची संस्था आहे, गावाबद्दलचं जुनं काही शोधायचं तर पाय तिकडेच वळतात. पण वाचनालयाला आठवड्यातला एकच दिवस द्या. संदर्भ शोधण्याइतका लिहिणं टाळण्याचा प्रतिष्ठित मार्ग दुसरा नाही, आणि दोघी एकदम तिथे गेलात तर परतताना मेनरोडवर खरेदी होते हा आणखी एक धोका. एकीनेच जावं. दुसरीने घरी लिहावं.

आईला, आत्याला, शेजारच्या आजोबांना विचारायचं असेल तर "पूर कसा होता?" असं विचारू नका, वर्तमानपत्रात छापून आलेलं उत्तर मिळतं. "त्या दिवशी चूल कुठे पेटवली?" असं विचारा. आमच्या आत्याने या प्रश्नावर अख्खी दुपार खर्ची घातली, आणि त्यातून आम्हाला एक प्रकरण मिळालं.

दिवस

नाशिकचा उन्हाळा पहाटे माणसात असतो. अकरानंतर नाही. मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास गेला की दुपारी डोकं चालत नाही, चालतं असं भासवूही नये. म्हणून सगळं कामाचं सकाळी.

साडेपाचला गोदापार्कवर चालायला जायचं आणि चालता चालता आजच्या प्रसंगाबद्दल बोलायचं. बसून बोललं की डोळ्याला डोळा भिडतो आणि वाद चढतो. शेजारी चालताना नजर समोर असते, अप्रिय गोष्टसुद्धा सहज सांगितली जाते. इंग्लंडमधल्या हावर्थच्या ब्राँटे बहिणींनीही मोठेपणी कादंबऱ्या आपापल्या लिहिल्या, पण रात्री नऊला शिवणकाम ठेवून खोलीत येरझारा घालत त्या एकमेकींशी आपापल्या कथानकांबद्दल बोलत. त्यांच्याकडे थंडी होती म्हणून खोलीत. आपल्याकडे नदीकाठ आहे. चालताना फक्त तीन गोष्टी ठरवायच्या. प्रसंगात कोण येतं, कोण जातं, आणि कोण काय लपवतं. वाक्यं ठरवू नका. ठरवलेली वाक्यं घरी येईपर्यंत शिळी होतात.

सात ते दहा लिखाण. खोल्या वेगळ्या, दारं लावलेली. या वेळात एकमेकींची पानं वाचायची नाहीत, "ऐक ना, एक विचारू?" म्हणून डोकावायचं नाही. काही विचारायचं असेल तर वहीत बघा. वहीत नसेल तर तुमच्या मनाने लिहा आणि समासात फुली मारा, संध्याकाळी ठरेल. ताई फोनवर बोलून लिहिते. मराठी बोललेलं आता बऱ्यापैकी नीट टाइप होतं, विरामचिन्हं सोडून. पण बोलून लिहिलेलं पाल्हाळिक होतं, ते नंतर छाटावं लागतं हे धरून चला. मी हाताने लिहून मग टाइप करते, त्यात वेळ जातो, पण छाटणी आपोआप होते.

किती लिहायचं याचं गणित साधं आहे. महिन्याचे तीस दिवस धरू नका. लग्नं, वणीच्या गडावर जाणं, कुणाचा तरी ताप, हे वजा करून वीस दिवस धरा. रोज प्रत्येकीचे ८०० शब्द. दोघींचे मिळून ३२,००० होतात. एवढ्यात लघुकादंबरी बसते. मोठी कादंबरी असेल तर निम्मा खर्डा हातात येतो आणि उरलेला दिवाळीच्या सुट्टीवर टाकता येतो.

कुरडयांचा दिवस कॅलेंडरवर सगळ्यात आधी लिहा. गहू तीन दिवस आधी भिजत पडलेले असतात, चीक शिजवायला पहाटे उठावं लागतं, त्यामुळे तो दिवस आयत्या वेळी पुढे ढकलता येत नाही. त्या दिवशी लिखाण धरूच नका. गच्चीवर सोऱ्या फिरवताना कथानकातली गाठ सुटली तर ती वरकमाई.

दुपारी जेवून झोपा. आमरस खाऊन पटकथेवर चर्चा करणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या पटकथाही पाहिल्या आहेत.

चारच्या चहाबरोबर वाचन. इथे एक युक्ती सांगते, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची हीच. जिने लिहिलं तिने वाचायचं नाही. दुसरीने मोठ्याने वाचायचं. लिहिणारी स्वतः वाचते तेव्हा जे पानावर नाही तेही आवाजात भरते. दुसरी वाचताना जिथे अडखळते, जिथे संवाद कुणाचा हे बघायला नजर मागे नेते, जिथे आवाज उगाच सपाट होतो, तिथे खूण करायची. त्या वेळी चर्चा करायची नाही. खुणा फक्त.

संध्याकाळ मोकळी ठेवा. मेमध्ये गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे जाऊन दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकलेलं बरं. दिवसभर एकमेकींचाच आवाज ऐकून कान किटतात.

तिसरीला ऐकवणं

मेच्या तिसऱ्या आठवड्यात घराबाहेरची एक वाचक गाठा. घराबाहेरची, आणि जमलं तर गावाबाहेरची. आमच्या वरच्या मजल्यावर लातूरच्या एक बाई भाड्याने राहतात, आम्ही त्यांना धरतो. त्यांना "कशी वाटली?" असं विचारत नाही; त्यावर सभ्य माणूस "छान" एवढंच म्हणतो. पेन्सिल देऊन सांगतो, की जिथे "हे कुठलं?", "ही कोण?", "हा का रागावला?" असं मनात आलं तिथे नुसता ठिपका द्या. ठिपके मोजून प्रकरणं दुरुस्त करायची. खुलाशाची वाक्यं ठोकून बसवू नका. वाड्यातला माळा कुणाला कळला नसेल तर आधीच्या प्रकरणात कुणाला तरी कामासाठी माळ्यावर चढवा.

आईला तिसरी वाचक करू नका. तिला दोघींपेक्षा जास्त माहीत असतं. ती कथेकडे बघतच नाही, खरेखोटेपणा तपासते. "आत्या त्या दिवशी हिरव्या लुगड्यात नव्हती" हे ऐकल्यावर काय करणार? (लुगडं आम्ही हिरवंच ठेवलं. आई अजून बोलून दाखवते.)

एक हात

खर्डा झाल्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकीनेच फिरावं. एका कादंबरीला एक, पुढच्या कादंबरीला दुसरी. निम्मं-निम्मं वाटून घेतलं तर शिवण दिसते. कथन "केले, झाले" असं ठेवायचं की "केलं, झालं" असं, एकेरी की आदरार्थी, पात्रांच्या तोंडी अहिराणी किती ठेवायची, हे सगळं या फेरीत एकसारखं होतं. शुद्धलेखनावरून वाद नको असेल तर मराठी साहित्य महामंडळाचे नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, समोर ठेवा आणि त्यांनाच पंच माना. दुसरीने फक्त समासात लिहायचं. समासातलं ऐकायचं की नाही हा जिच्या हातात लेखणी तिचा अधिकार. हा अधिकार आधी कबूल केला नसेल तर या टप्प्यावर कबूल होत नाही.

नाव, पैसे, करार

हे पहिलं प्रकरण लिहिण्याआधी बोलून घ्या. बहिणी म्हणून लाज वाटते, पण बोला. दोन्ही नावं छापायची तर आधी कुणाचं? वयाने की वर्णानुक्रमाने? मानधन कितीही कमी आलं तरी निम्मं-निम्मं, मग एकीची पानं जास्त असोत की कमी. पानं मोजायला लागलात की पुढची कादंबरी होत नाही.

कायद्याच्या बाबी थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चा. दोघींचं लिखाण वेगळं काढून दाखवता येत नसेल तर ती संयुक्त कृती ठरते आणि हक्क दोघींचा. तो टिकतो दोघींतली जी मागे राहील तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. (हे ताईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मग तू बी.पी.ची गोळी वेळेवर घे.") प्रकाशकाला हक्क द्यायचे तर लेखी करार हवा, त्यावर दोघींच्या सह्या हव्यात. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. "तहहयात", "सर्व माध्यमांत" असले शब्द दिसले की सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका.

जून

ताईची परतीची गाडी ठरलेली असते, आणि ती तारीख हीच खरी मुदत. ती निघण्याआधी दोन प्रती छापून स्पायरल करून घ्या, एकीकडे एक. वहीचे फोटो काढून दोघींच्या फोनमध्ये ठेवा. मूळ वही ज्या गावात कादंबरी घडते तिथेच राहू दे, म्हणजे एखादी पायरी किंवा पाटी बघून यायची असली तर ती हाताशी असते.

लघुकादंबरी असेल तर दिवाळी अंकांना जूनमध्येच विचारा. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत लांबीच्या मजकुराला ही हक्काची जागा आहे, पण पानं लवकर वाटली जातात आणि लांब मजकुराला शेवटी जागा उरत नाही. युनिकोडमधली फाइल पाठवा, शब्दसंख्या कळवा, आणि एका वेळी एकाच संपादकाला. उत्तर यायला किती दिवस थांबायचं ते पाठवतानाच आपापसात ठरवून टाका. ईमेल दोघींच्या नावाने जावी, फोन मात्र एकीनेच करावा, दोघींनी केला की संपादक एकीला "बघतो" म्हणतात आणि दुसरीला "पाठवलंत का?" असं विचारतात. आमच्याकडे फोन ताई करते. वर्गावर बोलायची सवय आहे, समोरचा तिला मध्येच तोडत नाही.